पायाखालचा कातळ आणि युकातानचे विवर: डायनोसॉरच्या अंताचे भूशास्त्रीय पुरावे

कातळवाट

नमस्कार. मागच्या रविवारी सकाळी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढत असताना पुढे चाललेल्या एका शाळकरी मुलीने वडिलांना विचारले, की हा डोंगर डायनोसॉरच्या वेळी होता का. वडील थोडे थांबले, "तेव्हा काही नसेल बहुतेक," म्हणाले आणि पुढे निघाले. अनोळखी माणसाने मध्ये बोलणे बरे दिसणार नाही म्हणून मी गप्प राहिलो, पण ती रुखरुख घरी आल्यावरही गेली नाही, कारण मुलीचा प्रश्न फार नेमका होता. त्रिरश्मी डोंगराला आजचा आकार नंतर नद्यांनी आणि पावसाने दिला, हे खरे. परंतु ज्या कातळात लेणी कोरली आहेत तो कातळ लाव्हा होऊन वाहत आला, त्या काळात डायनोसॉर जिवंत होते आणि त्यांचा शेवट भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी दाराशी आला होता.

शिवाय याच कातळावर त्यांच्या मृत्यूचा आरोपही आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, क्रिटेशस आणि पॅलिओजीन या कालखंडांच्या सीमेवर, पृथ्वीवरील सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती नष्ट झाल्या. पक्षी वगळता सगळे डायनोसॉर, आकाशातले टेरोसॉर, समुद्रातले मोसासॉर आणि अमोनाइट त्यांत गेले. कारण म्हणून दोन घटना सांगितल्या जातात: मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर आदळलेला लघुग्रह, आणि आपल्या दख्खनवर आलेले लाव्हाचे पूर. मुख्य कारण लघुग्रहाचा आघात हेच होते, असे माझे मत आहे आणि ते मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. "हा सगळा अंदाज आहे, बघायला कोण गेले होते," हे वाक्य मी वर्गात आणि वर्गाबाहेर इतक्या वेळा ऐकले आहे, की हे पुरावे कसे हाती लागले ते एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

गोष्ट इटलीतील गुब्बिओ गावाजवळच्या एका घळईत सुरू होते. तिथे खोल समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडकाचे थर, नंतर उचलले जाऊन, आज रस्त्याच्या कडेला उभे आहेत. क्रिटेशस काळातल्या थरांत फोरामिनिफेरा या एकपेशीय जिवांची कवचे खच्चून भरलेली आहेत आणि त्यांतली मोठी कवचे साध्या भिंगातूनही दिसतात. मग जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा चिकणमातीचा थर येतो, आणि त्याच्यावरच्या चुनखडकात ती मोठी कवचे एकदम नाहीशी होतात. उरतात ती अगदी बारीक. वॉल्टर अल्वारेझ या भूशास्त्रज्ञाला प्रश्न पडला तो साधा होता: ही सेंटिमीटरभर माती साचायला किती काळ लागला असेल? त्यांचे वडील लुईस अल्वारेझ हे भौतिकशास्त्रज्ञ होते आणि त्यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. काळ मोजण्यासाठी इरिडियम हा धातू वापरावा, ही कल्पना त्यांची.

ती कल्पना नीट समजून घेण्यासारखी आहे. पृथ्वी वितळलेल्या अवस्थेत होती तेव्हा लोखंडाबरोबर इरिडियमही गाभ्याकडे उतरले, त्यामुळे भूकवचातल्या खडकांत ते जवळजवळ नसतेच. बऱ्याच उल्कांमध्ये मात्र ते त्या मानाने पुष्कळ असते. अवकाशातली सूक्ष्म धूळ पृथ्वीवर सतत आणि साधारण एकाच वेगाने पडत असते, तेव्हा एखाद्या थरात इरिडियम जितके जास्त, तितका तो थर सावकाश साचला असा हिशेब मांडता येतो. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी न्यूट्रॉनांचा मारा करून अब्जांशाच्या पातळीवर ही मोजणी केली. थोडीशी वाढ अपेक्षित होती. प्रत्यक्षात त्या मातीत आसपासच्या खडकापेक्षा सुमारे ३० पट इरिडियम निघाले. घड्याळ शोधायला गेलेल्या माणसांच्या हाती हा आकडा लागला, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे, कारण लघुग्रह सिद्ध करण्याचा हेतू मनात धरून कोणी तिथे गेलेच नव्हते.

हा प्रकार फक्त इटलीपुरता असता तर एखाद्या स्थानिक कारणावर भागले असते. पण डेन्मार्कमधील स्टेव्हन्स क्लिंटच्या त्याच वयाच्या थरात ही वाढ १६० पट आढळली आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडमध्ये २० पट. स्पेनमधील काराव्हाका येथे यान स्मिट या डच भूशास्त्रज्ञालाही स्वतंत्रपणे हेच मिळाले. मग जवळच एखाद्या ताऱ्याचा स्फोट होऊन हे द्रव्य आले असेल का, हेही या मंडळींनी तपासले. तसे असते तर त्या मातीत प्लुटोनियम-२४४ सापडायला हवे होते. ते सापडले नाही, आणि ती कल्पना त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली. जगभर पसरलेल्या इरिडियमच्या एकूण प्रमाणावरून लघुग्रहाचा व्यास सुमारे १० किलोमीटर असावा, असे त्यांनी जून १९८० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडले.

विवर कसे सापडले ते पुढच्या प्रतिसादात लिहितो. तोपर्यंत ज्यांचा या मताला विरोध असेल त्यांनी तो जरूर मांडावा.

गोदाकाठ

सर, धाग्याबद्दल मनापासून आभार. विरोध मांडायला सांगितलात म्हणून मी दख्खनची बाजू घेतो, आणि ती वादासाठी घेत नाही; मला ती खरोखरच पटते.

पहिला मुद्दा इरिडियमचा. ते फक्त अवकाशातूनच येते असे नाही. हवाई बेटांवरील किलाउआ ज्वालामुखीच्या उद्रेकातून हवेत उडालेल्या कणांत इरिडियमचे प्रमाण वाढलेले असल्याचे १९८३ मध्येच दाखवले गेले होते. किलाउआसारखा तुलनेने लहान ज्वालामुखी हे करू शकत असेल, तर ज्या लाव्हाने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश झाकलेला आहे आणि सह्याद्रीत ज्याची जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते, त्याने काय केले असेल?

दुसरा मुद्दा असा, की याआधीचे सर्वांत मोठे विलोपन, म्हणजे असंख्य प्रजाती एकाच काळात नष्ट होणे, सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे, सैबेरियातील अशाच लाव्हाच्या पुरांशी जोडले जाते आणि तिथे कोणत्याही आघाताची गरज पडत नाही. म्हणजे लाव्हा, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड एवढ्यावर जीवसृष्टी कोलमडू शकते, याचा दाखला आपल्यापुढे आहे. गेर्टा केलर या भूशास्त्रज्ञांनी तर आयुष्याचा मोठा भाग हीच बाजू मांडण्यात घालवला. आपल्या अंगणातला पुरावा मागे सारून मेक्सिकोकडे धाव घेणे मला घाईचे वाटते.

निफाडची बाग

विषय नवा आहे, पण फार आवडीने वाचतो आहे. एक शंका आहे. लघुग्रह कितीही मोठा असला तरी तो पडला एका ठिकाणी. आमच्याकडे द्राक्षावर भुरीसाठी गंधकाची धुरळणी करतात तेव्हा यंत्राजवळच्या ओळीवर भुकटी दाट बसते आणि दहा ओळी पलीकडे विरळ होत जाते. मग तिकडे पडलेल्या दगडाची धूळ डेन्मार्कपर्यंत आणि न्यूझीलंडपर्यंत कशी गेली? आणि गेली असेल, तर जवळ दाट आणि लांब विरळ असा फरक तिथेही दिसायला हवा ना?

कातळवाट

निफाडची बाग, आपण विचारलेला प्रश्न हाच या सगळ्या तपासातला एक निर्णायक धागा आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो आणि मग गोदाकाठ यांच्याकडे वळतो.

हो, तसाच फरक दिसतो, आणि तो अतिशय सुबक आहे. युरोपात आणि खोल महासागरांत आघाताने उडालेल्या धुळीच्या थराची जाडी काही मिलिमीटर भरते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात, म्हणजे मोंटानापासून न्यू मेक्सिकोपर्यंत, ती एक-दोन सेंटिमीटर होते आणि तिथे एकावर एक दोन पदर ओळखता येतात. कॅरिबियनमधील हैतीच्या बेलोक गावाजवळ त्याच थराची जाडी अर्ध्या मीटरच्या आसपास जाते. मेक्सिकोच्या आखाताच्या काठावर तर तो मीटरांत मोजावा लागतो आणि टेक्सासमधील ब्रॅझोस नदीकाठी त्यात महाकाय लाटांनी ढवळलेली वाळू मिळते. धूळ लांब जाण्याचे कारण असे, की एवढ्या आघातात खडक नुसता फुटत नाही. त्याचा काही भाग वितळतो, काही भागाची वाफ होते, आणि ही वाफ वातावरण भेदून वर जाते, थंड होऊन तिचे बारीक गोलक बनतात आणि ते पृथ्वीभर पुन्हा खाली कोसळतात.

आता आपल्याला धुरळणीचे यंत्र कुठे उभे होते ते शोधायचे आहे. थर कुठे जाड होत जातो ते पाहिले की दिशा आपोआप कळते, आणि संशोधकांनीही तेच केले. मात्र विवर त्यांच्याआधीच दुसऱ्या कोणाच्या हाती लागले होते. मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीसाठी, पेमेक्ससाठी, १९७८ मध्ये समुद्रावरून विमानाने चुंबकीय सर्वेक्षण करताना ग्लेन पेनफील्ड यांना पाण्याखाली एक मोठी कमान दिसली. गुरुत्वाकर्षणाच्या जुन्या नकाशात जमिनीच्या बाजूला दुसरी कमान होती. दोन्ही जोडल्यावर सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे वर्तुळ तयार झाले आणि त्याच्या मध्याजवळ चिक्शुलूब नावाचे गाव आले. पेनफील्ड आणि अँतोनिओ कामार्गो यांनी १९८१ मध्ये हे एका परिषदेत मांडले, पण ती तेलाचा शोध घेणाऱ्यांची परिषद होती आणि विलोपनावर काम करणारे लोक तिथे नव्हते. विवर शोधणारे एकीकडे आणि विवर सापडलेले दुसरीकडे, अशी जवळजवळ दहा वर्षे गेली. हैतीतल्या थराचा माग काढत आलेल्या अ‍ॅलन हिल्डेब्रँड यांची पेनफील्ड यांच्याशी गाठ पडली, आणि १९९१ मध्ये दोघांच्या नावासह तो शोध प्रसिद्ध झाला. इतक्या वर्षांत युकातानच्या त्या भागात तेलविहिरींनी हा खडक केव्हाच गाठला होता. त्याला ज्वालामुखीचा खडक समजून नोंद झाली होती, कारण वितळून थिजलेला खडक पाहता क्षणी तसाच दिसतो.

मृण्मयी

वर्तुळ आहे आणि थर आहे, हे समजले. पण तो थर त्याच विवरातून आला हे कशावरून? दोन वेगवेगळ्या घटनाही असू शकतात. मला इथे सगळ्यांत कच्चा दुवा हाच वाटतो.

कातळवाट

मृण्मयीताई, दुवा कच्चा होता, तो ज्या प्रकारे पक्का झाला तो मला या सबंध कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

झिरकॉन हे एक अतिशय चिवट खनिज आहे. खडक झिजला, वितळला, वाहून गेला, तरी झिरकॉनचा कण टिकतो आणि त्यातल्या युरेनियमचे शिशात रूपांतर किती झाले यावरून त्याचे जन्मवर्ष काढता येते. कोलोरॅडोतल्या आणि हैतीतल्या सीमाथरात आघाताने भेगाळलेले झिरकॉन मिळाले. थर ६ कोटी ६० लाख वर्षांचा, पण त्यातल्या बऱ्याच कणांचे मूळ वय निघाले सुमारे ५४ कोटी ५० लाख वर्षे. चिक्शुलूबच्या विवरातून काढलेल्या खडकातही त्याच वयाचे झिरकॉन मिळाले. टॉमस क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे दाखवले. एखाद्या माणसाकडे मूळ गावचा दाखला असावा, तसा हा दाखला कोलोरॅडोत पडलेल्या धुळीकडे आहे. त्याच्या आदल्याच वर्षी विवरातला थिजलेला खडक आणि हैतीतले काचेचे गोलक यांची वये आर्गॉनच्या पद्धतीने, म्हणजे खडकात साठलेल्या आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून, मोजली गेली होती आणि ती मोजणीतल्या त्रुटीची मर्यादा धरता एकच आली होती. नंतर पद्धत अधिक काटेकोर झाली, आणि पॉल रेने यांच्या गटाने २०१३ मध्ये सीमेचे वय ६ कोटी ६० लाख ४३ हजार वर्षे, अधिक-उणे ११ हजार, इतके नेमके ठरवले.

सिन्नरचा वाटसरू

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मी मुलांना घेऊन अनेकदा गेलो आहे. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत वाढलेली स्फटिके पाहून बाहेरगावचे लोक थक्क होतात. तिथे मला एकदा एका जाणकाराने सांगितले होते, की आघाताचा खरा पुरावा इरिडियम नसून गारगोटी आहे. म्हणजे नेमके काय, हे तेव्हा विचारायचे राहून गेले.

कातळवाट

त्यांनी अगदी योग्य सांगितले, आणि गोदाकाठ यांच्या पहिल्या मुद्द्याचे उत्तरही यातच आहे.

गोदाकाठ, किलाउआची माहिती बरोबर आहे. म्हणूनच केवळ इरिडियमवर विसंबून राहता येत नव्हते. १९८४ मध्ये ब्रूस बोहोर यांच्या गटाला मोंटानातल्या सीमाथरात गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, असे कण मिळाले की ज्यांच्या आत अत्यंत बारीक, सरळ, समांतर रेषा होत्या. आणि एकाच दिशेने नव्हे, तर एकमेकींना छेदणाऱ्या अनेक दिशांनी. स्फटिकाची ही अवस्था होण्यासाठी वातावरणाच्या दाबाच्या लाखभर पटीच्या पातळीचा दाब क्षणार्धात यावा लागतो. असे कण त्याआधी दोनच ठिकाणी माहीत होते: उल्कापाताची विवरे आणि अणुचाचण्यांची जागा. स्फोटक ज्वालामुखींच्या राखेत कधीकधी रेषा असलेले क्वार्ट्झ मिळते, पण त्यातल्या रेषा बहुधा एकाच दिशेच्या असतात. दख्खनचा लाव्हा तर स्फोटक नव्हताच. तो पातळ होता आणि पसरत जाणारा होता, आणि बेसॉल्टच्या मूळ घडणीत क्वार्ट्झ जवळजवळ नसते. आपल्या पोकळ्यांतली गारगोटी नंतर, पाणी मुरून, सावकाश वाढलेली आहे. त्यामुळे आघात झालेली गारगोटी जगभर उधळणे हे आपल्या कातळाच्या हातून होण्यासारखे काम नव्हते. शिवाय या कणांचा आकारही उत्तर अमेरिकेत सर्वांत मोठा आणि दूरच्या ठिकाणी लहान आहे, म्हणजे निफाडच्या धुरळणीचा नियम इथेही लागू पडतो.

गोदाकाठ

गारगोटीचा मुद्दा मान्य करतो. आघात झाला, याबद्दल आता माझ्या मनात शंका उरलेली नाही. पण आघात झाला आणि आघातामुळे विलोपन झाले, ही दोन वेगळी विधाने आहेत. दख्खनचा लाव्हा त्याच सुमारास वाहत होता हे आपणही नाकारत नाही. मग मारेकरी कोण, हे कसे ठरवायचे?

त्र्यंबकरांगा

गोदाकाठ यांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. मी दख्खनच्या लाव्हावर थोडे काम केले आहे, म्हणून हा भाग मी लिहितो.

नाशिककरांना बहुधा ठाऊक नसेल, पण आपल्या जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या ठिकाणांची नावे जगभरच्या भूशास्त्राच्या लेखांत रोज वापरली जातात. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांची जी वर्गवारी आहे तिच्या तळाशी कळसूबाई उपगट येतो आणि त्यात खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर असे थर आहेत. त्यावर लोणावळा उपगट, म्हणजे खंडाळा आणि बुशे. सर्वांत वर वाई उपगट, त्यात पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर. नाशिक आणि इगतपुरीकडचा कातळ या रचनेच्या खालच्या, म्हणजे जुन्या भागात मोडतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जावे तसे थर किंचित कलत गेलेले असल्यामुळे, कसाऱ्याहून महाबळेश्वरला जाणारा माणूस लाव्हाच्या इतिहासात जुन्याकडून नव्याकडे प्रवास करतो.

२०१९ च्या फेब्रुवारीत 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांनी या थरांची वये प्रसिद्ध केली. ब्लेअर शोने यांच्या गटाने थरांमधल्या तांबड्या मातीत अडकलेले झिरकॉन वापरले, कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने बेसॉल्टमधल्या आर्गॉनवर भर दिला. लाव्हाचे पूर विलोपनाच्या तीन-चार लाख वर्षे आधी सुरू झाले आणि नंतरही काही लाख वर्षे चालू राहिले, याबद्दल दोघांचे साधारण एकमत आहे. मतभेद आहे तो मधल्या लयीबद्दल. शोने यांना आघाताच्या अगदी आधी एक मोठा झोत दिसतो, तर स्प्रेन यांच्या मते लाव्हाचा मोठा वाटा आघातानंतर आला. पण दोघांच्याही मोजणीत ती सीमा पडते वरच्या भागात, बुशेच्या माथ्यापासून आंबेनळीपर्यंतच्या पट्ट्यात. कळसूबाई उपगट त्याआधीच थंड होऊन बसला होता. इगतपुरीचा लाव्हा वाहिला, त्याच्यावर माती धरली, पुन्हा लाव्हा आला, असे अनेकदा झाले, आणि त्या सबंध काळात महाविलोपन झाले नाही. माझ्या मते हा मुद्दा दख्खनच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी फार गांभीर्याने घ्यायला हवा.

पिन्सेली हल यांच्या गटाने २०२० मध्ये हाच हिशेब समुद्राच्या तापमानावरून मांडला. दख्खनमधून निघालेल्या वायूंमुळे समुद्र सुमारे दोन अंशांनी तापला होता, हे खरे. परंतु ती ऊब विलोपनाच्या सुमारे दोन लाख वर्षे आधीची होती आणि आघाताच्या वेळेपर्यंत तापमान बरेचसे पूर्ववत झालेले होते. तापण्याच्या त्या काळात प्रजाती सरकल्या, स्थलांतरित झाल्या, पण मोठ्या संख्येने नष्ट झाल्या नाहीत. फोरामिनिफेरांची पडझड होते ती थेट इरिडियमच्या थरापाशी.

गोदाकाठ यांच्या सैबेरियाच्या दाखल्याबद्दल एवढेच म्हणेन, की तो खरा आहे आणि म्हणूनच दख्खनला कोणी निर्दोष ठरवू नये. सैबेरियातला लाव्हा कोळसा आणि मीठ असलेल्या थरांतून वर आला आणि त्यामुळे वायूंचे प्रमाण वाढले, असे मानले जाते. आघातानंतरचे जग सावरायला किती वेळ लागला, यात दख्खनचा हात असू शकतो. त्यावरचा वाद अजून चालू आहे आणि तो चालू असणे योग्यच आहे.

निफाडची बाग

मी धुरळणीचे उदाहरण दिले तेव्हा गंधक सहज तोंडात आले होते. आता वाचताना विचार आला, की लघुग्रह एका जागी पडून सगळीकडचे जीव मेले ते नेमके कशाने? धुळीने की आगीने?

कातळवाट

आपण सहज म्हणालात, पण उत्तरात खरोखरच गंधक आहे.

युकातानच्या त्या जागेवर चुनखडक होता आणि त्याच्या जोडीला जिप्सम आणि अ‍ॅनहायड्राइटचे जाड थर होते, म्हणजे कॅल्शियम आणि गंधक यांची संयुगे. आघाताच्या उष्णतेने त्यांची वाफ झाली. बागेतली भुकटी पानावर बसते आणि पावसाने धुऊन जाते. हे गंधक मात्र पावसाच्या ढगांच्याही वर पोहोचले, तिथे त्याचे सल्फेटचे सूक्ष्म थेंब झाले आणि ते काही वर्षे सूर्यप्रकाश अडवून राहिले. काजळी आणि बारीक धूळ त्यात मिसळली. प्रकाश नाही म्हणून समुद्रातल्या प्लवकांची वाढ थांबली, जमिनीवरची झाडे थांबली, आणि त्यांच्यावर जगणारे सगळे उपाशी पडले.

हे केवळ गणित नाही. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मोहिमेने समुद्रात उभे राहून या विवराच्या आतल्या कड्यात १,३०० मीटरहून अधिक खोल भोक पाडले. वर आलेल्या खडकाच्या नळीत आघातानंतरच्या पहिल्या दिवसात साचलेला सुमारे १३० मीटरचा भाग ओळखता आला. त्यात वितळलेला खडक आहे, तुकडे आहेत, कोळसा आहे. पण भोवतालच्या प्रदेशात विपुल असलेले गंधकाचे खडक त्यात जवळजवळ नाहीत. जे तिथे असायला हवे होते ते हवेत गेले होते. पुढे २०२१ मध्ये याच नळीत, अगदी वरच्या बारीक गाळात, इरिडियमही सापडले. गुब्बिओच्या मातीत पहिल्यांदा जे मोजले गेले, तेच चाळीसेक वर्षांनी विवराच्या पोटात मिळाले.

झाडांचा पुरावाही पाहण्यासारखा आहे. न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोतल्या थरांत सीमेच्या आधी फुलझाडांचे परागकण नाना प्रकारचे मिळतात आणि सीमेच्या लगेच वर जवळजवळ फक्त नेच्यांचे बीजाणू. जळून गेलेल्या किंवा लाव्हाने झाकलेल्या जमिनीवर आजही पहिल्यांदा नेचेच येतात.

सिन्नरचा वाटसरू

माझ्या मुलाचा प्रश्न जसाच्या तसा लिहितो: लोणारचे सरोवरही उल्कापाताने झाले, मग डायनोसॉर त्यानेच मेले का? आणि मुंबईजवळच्या समुद्रातही एक मोठे विवर आहे असे त्याने कुठेतरी वाचले आहे.

त्र्यंबकरांगा

लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. चिक्शुलूब त्याच्या शंभर पट. आणि मुलाला एक सोपी खूण सांगा: लोणारचा खड्डा बेसॉल्टमध्येच पडलेला आहे. खड्डा ज्या खडकात आहे त्याहून तो जुना असू शकत नाही, म्हणजे लोणार दख्खनच्या लाव्हानंतरचे, आणि प्रत्यक्षात फारच अलीकडचे आहे. बेसॉल्टमध्ये पडलेले इतके चांगले टिकलेले विवर पृथ्वीवर दुर्मीळ असल्यामुळे चंद्राचा आणि मंगळाचा अभ्यास करणारे लोकही तिथे येतात. मुंबईजवळचे विवर ही शंकर चटर्जी यांची मांडणी. तिला इतर भूशास्त्रज्ञांकडून पुष्टी मिळालेली नाही.

मृण्मयी

अजून एक विचारते. आपल्या इथे त्या इरिडियमचा थर कुठे पाहता येईल का? पांडवलेण्यांच्या आसपास एखादी तांबडी रेघ दिसते, ती असेल का?

कातळवाट

ती रेघ मीही विद्यार्थ्यांना दाखवत असे. दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग झिजला, त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्हाच्या उष्णतेने ती भाजून तांबडी झाली. इरिडियमचा थर तो नव्हे. इथला कातळ सीमेच्या आधीचा असल्यामुळे ती खूण आपल्या भागात मिळण्याची शक्यताच नाही. वर पोलादपूरच्या थरांतही सेंटिमीटरपेक्षा पातळ धूळ उघड्या बेसॉल्टवर टिकणे फार अवघड. पावसाने ती वाहून जाते. भारतात हा शोध घेतला गेला तो लाव्हाच्या मध्ये तळ्यांचा गाळ साचलेल्या कच्छमधील अंजार येथे, जिथे नरेंद्र भंडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इरिडियमचे थर मिळाले आणि त्यांच्या अर्थाबद्दल पुढे बरीच चर्चा झाली, आणि मेघालयात, जिथे समुद्री गाळात ही सीमा पाहायला मिळते.

गोदाकाठ

त्र्यंबकरांगा यांचा इगतपुरीचा मुद्दा दोन दिवस डोक्यात घोळतो आहे. लाखो वर्षे लाव्हा वाहत राहिला आणि जीवसृष्टी टिकली, मग आघाताच्या थरापाशी ती कोसळली, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी माझे मत बदलतो. दख्खनने आधीच ताण दिला होता का, एवढा प्रश्न माझ्यासाठी उघडा आहे. कसाऱ्याचा जुना लाव्हा मला एकदा डोळ्यांनी पाहायचा आहे. पावसाळा संपल्यावर कोणी येणार असेल तर सांगावे.

मृण्मयी

मी आणि मुलगी येऊ. काय काय बरोबर घ्यावे?

त्र्यंबकरांगा

जरूर जाऊ. एक भिंग, पाणी आणि टोपी एवढे पुरे. हातोडी आणू नये. घाटात वाहनांची वर्दळ असते आणि लेण्यांच्या परिसरात तर दगडाला हात लावणेही योग्य नाही. महामार्गावर थांबायचे नाही, गाड्या गावात ठेवून आपण जुन्या वाटेने चालत जाऊ. कसाऱ्याच्या चढाला, म्हणजे थळ घाटात, काही थर असे आहेत की ज्यांत प्लॅजिओक्लेज या खनिजाचे पांढुरके स्फटिक काही सेंटिमीटर लांब वाढलेले आहेत आणि काळ्या कातळात तांदळाच्या मोठ्या दाण्यांसारखे विखुरलेले दिसतात. लाव्हा वर येण्यापूर्वी जमिनीखाली बराच काळ थांबलेला होता, त्या थांब्यात हे वाढले. असे थर दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीची खूण म्हणून वापरले जातात. कातळवाट सरांना त्या शाळकरी मुलीचा प्रश्न पडला आहे, तर मृण्मयीताईंच्या मुलीला आपण तिथे उभे राहून सांगू, की हे दाणे वाढत होते तेव्हा डायनोसॉर होते, आणि त्यांना संपवणारा दगड अजून यायचा होता.